कै. भिवाजी कासव स्मृती नदी-स्वच्छता महाअभियान

एका जंगलात, मुलांनो, त्या दिवशी विशेष असे काहीच नव्हते.

माकडे फांदीवरून भांडत होती. गाढव कामाला गेले होते. पोपटाचा वाढदिवस होता, पण तो अधूनमधून असायचाच. नदी रोजच्यासारखी काळीभोर होती आणि रोजच्यासारखा वास मारत पुलाखालून चालली होती.

हो, त्या जंगलात पूल होता. बाजार होता, बँक होती, आणि गाडी उभी करायला जागा नव्हती. जंगले आता अशीच असतात. मधे मधे विचारू नका.

काठावरच्या दगडावर येसूकाकू कासवीण ऊन खात बसल्या होत्या. दुपारचे शेवाळ निवडून त्यांनी त्याचे दोन वाटे करून ठेवले होते. एक लहान, एक मोठा. मोठा वाटा भिवाजींचा. भिवाजी म्हणजे त्यांचे यजमान. ते सकाळीच पुलाखालची वाळू साफ करायला गेले होते.

तेवढ्यात खंड्या आला.

खंड्या तुम्ही पाहिला असेल. निळ्या पाठीचा, लांब चोचीचा. तो नदीवरच्या तारेवर बसे आणि इकडच्या बातम्या तिकडे पोचवी. त्याच्या पोटात मासा राही, बातमी राहत नसे. फक्त बातमी वाईट असली की त्याची एक खोड होती. तो आधी पाण्याबद्दल बोले. मग माशांबद्दल बोले.

"काकू, पाणी आज जरा उतरलंय, नाही?" खंड्या म्हणाला.

"उतरलंय खरं."

"मासेही फारसे दिसत नाहीत."

येसूकाकूंनी मान पूर्ण बाहेर काढली.

"खंड्या," त्या म्हणाल्या, "हे कुठे आहेत?"

मग खंड्याने सांगितले. वाळूवरचा कचरा ओढताना एका पिशवीचा बंद भिवाजींच्या मानेत अडकला. भिवाजी घाबरले. घाबरल्यावर कासव जे करते तेच त्यांनी केले. त्यांनी मान आत ओढून घेतली. बंद आणखी आवळला.

येसूकाकूंनी शेवाळाच्या दोन वाट्यांकडे पाहिले. मग त्या पाण्यात उतरल्या आणि पुलाकडे निघाल्या.

आता तुम्हाला त्या वाळूबद्दल सांगायला हवे.

नदीच्या दोन्ही काठांवर चिखल होता. फक्त पुलाखाली, पिंपळाच्या बाजूला, कोरड्या वाळूचा एक तुकडा उरला होता. दुपारभर तिथे ऊन पडे. येसूकाकू दर वर्षी तिथे अंडी घालत. आणि दर वर्षी पुरातून तिथे कचरा येऊन बसे. चिंध्या, बाटल्या, मोडक्या खुर्च्या, एकदा तर एक अख्खा गालिचा. भिवाजी ते सगळे तोंडाने ओढून बाजूला काढत. त्यांना पुष्कळ दिवस लागत. शेवटी एका दुपारी ते वाळूवरून हाक मारत, "झाली गं. ये आता."

मग काकू जात. असे त्यांचे चालले होते.

बातमी जंगलाच्या ग्रुपवर गेली. ग्रुपवर सकाळपासून पोपटाला शुभेच्छा देणे चालले होते. आता त्यात श्रद्धांजल्या मिसळल्या. घाईघाईत हरणाने भिवाजींना उदंड आयुष्य चिंतले. अस्वलाने पोपटाला लिहिले, 'एक हसतमुख व्यक्तिमत्त्व आपल्यातून निघून गेले. भावपूर्ण श्रद्धांजली.'

पोपटाने ते पुन्हा पुन्हा वाचले.

"हसतमुख म्हणून जिवंतपणी मला कुणी नावाजलं नव्हतं," तो म्हणाला आणि त्याने अस्वलाला धन्यवाद पाठवले.

दुसऱ्या दिवशी वडाखाली शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी कोल्हेसाहेब होते. ते नदीमित्र मंडळाचे अध्यक्ष होते. हे मंडळ कधी स्थापन झाले ते कुणाला आठवत नव्हते. कोल्हेसाहेब अध्यक्ष आहेत एवढे मात्र सगळ्यांना ठाऊक होते.

"भिवाजी गेले," साहेब म्हणाले आणि त्यांनी शेपटीने डोळे पुसले. शेपटी झुपकेदार असल्याचा हा एक फायदा. "पण त्यांचं काम आपण थांबू द्यायचं नाही. त्यांचं काम पुढे नेणं हीच त्यांना खरी श्रद्धांजली."

"पुढे न्यायला नको, साहेब," मागून येसूकाकू म्हणाल्या. "काम तिथंच आहे. पुलाखाली."

सगळे वळून बघू लागले.

"बोला काकू. संकोच करू नका."

"वाळू तेवढी मोकळी करून द्या. माझे दिवस भरत आलेत. पाणी चढायच्या आत अंडी वाळूत ठेवायला हवीत. दोन पाट मांडता येतील एवढी जागा झाली तरी पुरे."

"दोन पाट?" साहेब दुखावले. "भिवाजींसारख्या नदीपुत्रासाठी दोन पाट? काकू, आपण अख्खी नदी स्वच्छ करू!"

प्रचंड टाळ्या पडल्या. मग शोकसभा आहे हे आठवून सगळ्यांनी पंजे खाली घेतले.

तयारीची पहिली बैठक लगेच झाली. तीत मोहिमेला नाव देण्यात आले. ते नाव फलकावर मावेना, म्हणून मोठा फलक करायचे ठरले.

दुसरी बैठक टी-शर्टच्या रंगावर झाली. रंग हिरवा ठरला, पण साप रुसला.

"माझ्या टी-शर्टाला बाह्या नाहीत," तो म्हणाला.

"अहो, तुम्हाला हात कुठे आहेत?" माकडे म्हणाली.

"हात नाहीत म्हणून मी स्वयंसेवक नाही का?"

यावर दोन तास चर्चा झाली. सापाला बाह्यांचा टी-शर्ट द्यायचे ठरले. बाह्या मोकळ्या लोंबतील, पण भावना दुखावणार नाहीत.

तिसऱ्या बैठकीला कावळे शिष्टमंडळ घेऊन आले.

"साहेब, आमचं पोट कचऱ्यावर आहे. तो तुम्ही उचलणार. आम्ही काय खायचं?"

"कोण उचलणार म्हणालं?" साहेब म्हणाले. "म्हणजे, उचलणारच. पण कार्यक्रमाला नाश्ता आहे. कागदी बशा, प्लास्टिकचे चमचे, वर पाण्याच्या बाटल्या. पुढचा पंधरवडा तुम्हाला कुठे लांब जायला नको."

कावळ्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि मोहिमेला जाहीर पाठिंबा दिला.

नाश्त्याचे काम नलूवहिनींकडे होते. नलूवहिनी म्हणजे म्हैस. त्यांचे उप्पीट सगळ्या जंगलात नावाजलेले होते.

"उप्पिटाचं मी बघते," त्या म्हणाल्या. "पण नदी साफ करताना माझा चिखल तेवढा सोडा. कडेचा नाही, मधला. मऊ आहे."

"वहिनी, चिखल काढला नाही तर नदी साफ कशी होणार?"

"ते तुम्ही शिकलेले लोक बघा. आम्हाला बाई दुपारी बसायला काहीतरी लागतं."

वहिनींचा चिखल वगळण्यात आला.

मग बगळे गुरुजींनी एक डोळा उघडला. गुरुजी दिवसभर पाण्यात एका पायावर डोळे मिटून उभे असत. सगळे त्याला ध्यान म्हणत. मासे वेगळे काही म्हणत.

"नदीच्या अंगाला हात लावायचा तर आधी तिची ओटी भरायला हवी," गुरुजी म्हणाले. "साडी, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. घरटी एक."

"आणि ते सगळं कुठे ठेवायचं?" अस्वलाने विचारले.

"ठेवायचं कशाला? नदीची ओटी नदीत सोडायची."

हे सगळ्यांना पटले. कुणालाच त्यात काही वावगे दिसले नाही.

शेवटी मोठी बातमी आली. उद्घाटनाला खुद्द वनराज येणार होते! साहेब खुर्चीवरून उडी मारून उठले आणि पुन्हा बसले. वनराज म्हणजे व्यासपीठ हवे. व्यासपीठाला कोरडी, सपाट जागा हवी. साहेबांनी नदीचे दोन्ही काठ पालथे घातले. जिकडे तिकडे चिखल. कोरडी आणि सपाट अशी एकच जागा होती.

मुलांनो, ती कुठली ते तुम्हाला कळलेच असेल.

साहेबांनी माकडांना कामाला लावले. भिवाजींना जे काम पुष्कळ दिवस पुरे, ते माकडांनी सकाळी सुरू केले आणि जेवायच्या आत संपवले. चिंध्या गेल्या, बाटल्या गेल्या, खुर्च्या गेल्या. वाळू लख्ख झाली. तो कचरा कुठे टाकला म्हणता? नदी जवळच होती.

दुपारी मुंगळे मंडपवाले आले आणि त्या लख्ख वाळूवर त्यांनी फळ्यांचे भक्कम व्यासपीठ ठोकले.

मोहिमेचा दिवस उजाडला. येसूकाकू नदीत वरच्या अंगाला एका खडकाच्या आडोशाला होत्या. त्यांना आता हालचाल जड झाली होती. एवढ्यात पुलाकडून ध्वनिक्षेपकावरून मोठ्याने आवाज आला.

"हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. जागा झाली. या आता."

काकू क्षणभर तशाच राहिल्या. मग त्या निघाल्या. त्या इतक्या जोरात निघाल्या की वाटेत एक बेडूक म्हणाला, "काकू, आगबिग लागलीय का?"

पण कासव जोरात निघाले तरी किती जोरात निघणार. त्या पोचल्या तोवर ओटी भरून झाली होती. साड्या पाण्यावर पसरल्या होत्या. नारळ गटांगळ्या खात होते. बेडकांचे स्वागतगीत तीनदा म्हणून झाले होते, कारण वनराज यायचे होते आणि अजून यायचेच होते.

काकूंनी व्यासपीठ पाहिले. त्याखाली काय आहे तेही पाहिले.

"साहेब, हे वाळूवर..."

"काकू! या, या. अरे, काकूंना खुर्ची द्या रे! नाही नाही, पहिल्या रांगेत नाही. वर. व्यासपीठावर. आज तुमचा दिवस आहे!"

"मला वाळू मोकळी हवी होती."

"मोकळीच आहे की! एक कागद दिसला तर नाव बदलीन. बघा तरी."

चार माकडांनी काकूंना उचलून वर खुर्चीत बसवले. कासवाला खुर्चीत बसता येत नाही, म्हणून त्यांना आडवे ठेवले आणि पडू नये म्हणून मागे उशी लावली. काकूंनी मान बाहेर काढून खाली पाहिले. फळ्यांच्या फटींतून वाळू दिसत होती. स्वच्छ, कोरडी, बारीक. उन्हाचे पट्टे तिच्यावर पडले होते. इतकी स्वच्छ ती भिवाजींच्या वेळीही कधी झाली नव्हती.

आणि मग तुताऱ्या वाजल्या. वनराज आले.

वनराजांचा सचिव तरस याने आधीच निरोप पाठवला होता. 'महाराज स्वहस्ते कचरा उचलतील. कचरा स्वच्छ असावा. ओला नको, वासाचा नको, टोकदार नको.' त्यामुळे माकडांनी नदीतून निवडक कचरा काढला होता. बिस्किटाचे एक वेष्टन, टोपण असलेली एक बाटली आणि एक वाळके पान. तो साबणाने धुतला, उन्हात वाळवला, त्यावर अत्तर शिंपडले आणि चांदीच्या तबकात मांडून शेजारी एक गुलाबाचे फूल ठेवले.

वनराजांनी दोन नखांत वेष्टन धरून उचलले. टाळ्या!

"महाराज, पुन्हा एकदा. जरा इकडे बघून."

वनराजांनी वेष्टन परत ठेवले आणि परत उचलले. आणखी टाळ्या! मग बाटली उचलली. मग चुकून गुलाबाचे फूल उचलले. तरस धावत पुढे गेला. टाळ्यांच्या नादात पोपट फांदीवरून खाली पडला आणि त्याच्याही टाळ्या झाल्या.

मग सत्कार सुरू झाले.

त्या जंगलात, मुलांनो, एक रीत होती. कुणी काही केले तर त्याचा सत्कार करायचा. कुणी काही करणार असेल तर आधीच करायचा, म्हणजे राहून जायला नको. साहेबांनी वनराजांचा सत्कार केला. वनराजांनी साहेबांचा केला. गुरुजींचा झाला, वहिनींचा झाला. ध्वनिक्षेपकवाल्या रातकिड्याचा झाला. मुंगळ्यांचा झाला तेव्हा हार त्यांच्या अंगावर पडून ते सगळेच दिसेनासे झाले. सापाला हार कुठवर घालायचा यावर मतभेद झाले. हरणाने आपला हार तिथेच उभ्या उभ्या खाऊन टाकला. सगळ्या कार्यक्रमात हाराची नीट विल्हेवाट लावणारे ते एकटेच.

येसूकाकूंना शाल, श्रीफळ आणि झेंडूचा जाडजूड हार मिळाला. श्रीफळ त्यांच्या पाठीवरून घसरून वनराजांच्या पायावर पडले. वनराज किंचाळले, पण ती डरकाळी म्हणून गणली गेली आणि लोक शहारले.

"हार कुठे ठेवायचे?" माकडांनी विचारले. व्यासपीठावर चालायला जागा उरली नव्हती. "कचऱ्याच्या पोत्यात भरू?"

"अरेरे," गुरुजी म्हणाले. दोन्ही पाय खाली टेकलेले गुरुजी कुणी पहिल्यांदाच पाहत होते. "सत्काराचा हार कचऱ्यात? वाहत्या पाण्यात सोडा."

मग हार नदीत गेले. झेंडू, शेवंती, निशिगंध, वर जरीच्या फिती. नदी पिवळी झाली, केशरी झाली, चमकू लागली. पोरेटोरे नाचू लागली. बेडकांनी चौथ्यांदा स्वागतगीत म्हटले. खंड्या वरून एक गिरकी घेऊन आला आणि काकूंच्या खुर्चीच्या पाठीवर बसला.

"काकू, इतकी देखणी नदी मी जन्मात पाहिली नाही!" तो म्हणाला. "फक्त वाहायची थांबलीय."

"थांबली?"

"साड्या, हार, नारळ, सगळं पुलाच्या खांबांना जाऊन बसलंय. पाणी तुंबतंय." आणि मग तो जरा हळू म्हणाला, "चढतंय, काकू."

तेवढ्यात वनराज भाषणाला उठले.

"आम्हाला कळले," ते म्हणाले, "की स्वर्गीय भिवाजींचा या जागेवर फार जीव होता. ही जागा ते कुणाच्या मदतीविना स्वच्छ ठेवत. म्हणून आम्ही जाहीर करतो, की याच जागेवर सिमेंटचा पक्का कट्टा बांधण्यात येईल! भिवाजी स्मृती कट्टा! त्यावर भिवाजींचा पुतळा! पुतळ्याच्या पाठीवर घड्याळ! घड्याळ रात्रीही दिसेल!"

आता जे झाले त्याला टाळ्या म्हणता येणार नाही. माकडांनी उलट्या उड्या मारल्या. अस्वल सापाच्या गळ्यात पडले, किंवा जिथे गळा असावा असे त्याला वाटले तिथे. कोल्हेसाहेबांनी दोन्ही डोळे शेपटीने पुसले. नलूवहिनी आनंदाने उप्पिटाच्या पातेल्यात झारा आपटू लागल्या.

येसूकाकू म्हणाल्या, "महाराज, इथं वाळू आहे म्हणून ते..."

पण त्यांचा आवाज मुळातच लहान होता आणि ध्वनिक्षेपक रातकिड्याकडे होता.

वनराज गेले. मग नाश्ता झाला. नाश्ता झाल्यावर कागदी बशांचा एक छोटा डोंगर झाला आणि कावळे त्याच्याकडे प्रेमाने बघत बसले.

आणि मग, मुलांनो, नदी साफ करायची वेळ झाली.

पोते एकच होते. सगळ्यांनी आळीपाळीने त्या पोत्याबरोबर फोटो काढले. काहींनी ते वाकून धरले, काहींनी खांद्यावर टाकले. सापाने त्याला वेटोळे घातले, त्याच्या बाह्या वाऱ्यावर फडफडत होत्या आणि तो फोटो खरोखरच उत्तम आला. पोते रिकामे होते, पण फोटोत ते कळत नव्हते.

या गडबडीत येसूकाकू खुर्चीवरून घरंगळून खाली उतरल्या होत्या. त्यांनी व्यासपीठाला चारी बाजूंनी फेरी मारली. पाण्याच्या बाजूला फळी आणि वाळू यांच्यात थोडी फट होती. काकूंनी डोके आत घातले. पुढचे पाय घातले. वाळू नखांना लागली. ती अजून कोमट होती. त्यांनी जोर केला. मग पाठ फळीला घासली आणि त्या तिथेच अडकल्या. ना पुढे, ना मागे.

"सापडला! सापडला!" एक माकड ओरडले. "व्यासपीठाखाली मोठा कचरा सापडला! काहीतरी घमेल्यासारखं आहे!"

सगळे धावले. अख्ख्या दिवसात खरा कचरा असा पहिल्यांदाच सापडला होता. दोन माकडांनी मागून धरले, त्यांना आणखी चार माकडांनी धरले, त्यांना अस्वलाने धरले. "हैय्या हो! हैय्या हो!" बेडकांनी ताल धरला. साहेब ध्वनिक्षेपकावर धावते वर्णन करू लागले. "नदीच्या पोटातून आज एक प्रचंड वस्तू बाहेर येत आहे!" आणि फट्‌ असा आवाज होऊन सगळी रांग चिखलात उताणी पडली. वर येसूकाकू, गळ्यात हारासकट.

फोटो निघाले. मग कुणीतरी निरखून पाहिले.

"अहो, या तर आपल्या काकू!"

साहेबांनी प्रसंगावधान राखून काकूंचा दुसऱ्यांदा सत्कार केला.

"साहेब," काकू म्हणाल्या. शालीने त्यांचे अर्धे तोंड झाकले गेले होते. "हे व्यासपीठ आज काढता येईल का?"

"काकू, वनराजांनी पाऊल ठेवलेलं व्यासपीठ आहे हे. कट्ट्याचं भूमिपूजन होईपर्यंत त्याला हात लावता येणार नाही."

"भूमिपूजन कधी आहे?"

"महाराजांची तारीख मिळाली की लगेच."

"मग कडेची एक फळी काढा. एकच. मी आत गेले की परत ठोका."

साहेबांनी फळीकडे पाहिले. खरोखर विचार करत पाहिले. तसे ते वाईट नव्हते.

"उद्या बघू," ते म्हणाले. "आज सगळे दमलेत."

ते खोटे नव्हते. सगळे फार दमले होते. नलूवहिनी पातेले घासून आपल्या चिखलात जाऊन बसल्या. पाणी आता त्यांच्या पाठीपर्यंत आले होते.

"काय बाई, पाणी वाढलं का?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. मोहिमेचा गुण आला."

येसूकाकूंनी शाल खुर्चीवर घडी करून ठेवली. श्रीफळ तिच्यावर ठेवले. मग गळ्यातला हार काढला. पाण्यात टाकायला तो पुढे धरला आणि पाणी पाहून मागे घेतला. शेजारी ते पोते पडले होते. त्यांनी हार त्या पोत्यात टाकला. त्या दिवशी पोत्यात जमा झालेला कचरा एवढाच.

"काकू, कुठे निघालात?" तारेवरून खंड्याने विचारले.

"वर. कुठेतरी वाळू असेल."

"मी बोलतो ना साहेबांशी. फळीचं. रोज बोलतो, पिच्छा सोडत नाही."

"बोल," काकू म्हणाल्या. मग त्या थांबल्या. "आणि खंड्या, वाळू झालीच, तर मला हाक मार."

"कशी मारू?"

काकूंनी त्याला ते सांगितले नाही. त्या पाण्यात उतरल्या. झेंडूची फुले बाजूला सारत, अंगातल्या ओझ्याने एका बाजूला कलत, त्या वरच्या अंगाला गेल्या.

मोहीम फार गाजली. सापाचा फोटो सगळीकडे छापून आला. शेजारच्या जंगलाने तशीच मोहीम करायचे ठरवले आणि मार्गदर्शनाला कोल्हेसाहेबांना बोलावले. तिथे त्यांचा सत्कार झाला.

बऱ्याच दिवसांनी एकदा खंड्या वरच्या अंगाकडून उडत आला आणि तारेवर बसला.

"काय रे खंड्या," नलूवहिनींनी खालून विचारले, "येसूकाकू भेटल्या का? वाळू मिळाली का त्यांना?"

खंड्याने पंख नीट केले.

"पाणी फार चढलंय वरच्या अंगाला," तो म्हणाला.

"हो का?"

"मासेही नाहीत यंदा."

नलूवहिनी रवंथ करायच्या थांबल्या. पुढचे त्यांनी विचारले नाही, आणि खंड्याही आपणहून काही बोलला नाही. पोटात बातमी घेऊन तो बसला होता, हे त्या जंगलात पहिल्यांदाच घडले.

तात्पर्य : मुलांनो, कुणी गेले की त्याचे काम नेहमी पुढे न्यावे. इतके पुढे न्यावे, की ते जिथे होते तिथे परत कुणाला जावे लागू नये. रिकामे पोते नीट धरावे, म्हणजे फोटो चांगला येतो. सत्कारातून कुणालाही वगळू नये. तेवढी ती कडेची एक फळी काढायची राहिली आहे.